न कमावण्याचा दाखला

माझ्या मुलाला आजवर एकदाच कुणी रीतसर 'बघायला' बसलं, आणि तेही सरकारी दवाखान्यात. टेबलामागे तीन डॉक्टर, टेबलापुढे तो, त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझे धाकटे दीर. दीर पहाटेच्या गाडीने जेऊरहून आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, नवी कोरी टोपी आणि पिशवीत डॉक्टरांसाठी शेतातली केळी. केळी मी घरातच काढून ठेवली. "वहिनी, रिकाम्या हातानं जायचं व्हय?" असं ते रिक्षात बसेपर्यंत विचारत होते.

मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला माझा मुलगा भेटला नसावा. तो पंख्याच्या आवाजात मग्न असतो, कुकरच्या वाफेत असतो, फरशीच्या रेघांत असतो. स्वतःत मात्र मी त्याला कधीच मग्न झालेला पाहिला नाही. त्याला भूक लागली हेसुद्धा त्याला माझ्या हातातलं ताट बघून आठवतं.

त्याचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते गेल्यापासून त्यांची पेन्शन मला मिळते, आणि माझ्यानंतर ती मुलाला आयुष्यभर मिळू शकते. अट एकच. हा माणूस स्वतः कमावून खाऊ शकत नाही, असा सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा आणि तो माझ्या हयातीत कागदोपत्री लागायला हवा. माझी मुलगी पुण्याला असते. भावाला ती सांभाळणार आहे, तिने मला तसा शब्द दिला आहे आणि तिच्या नवऱ्यानेही दिला आहे. पण दुसऱ्याच्या घरी माझ्या मुलाने आपला दाणा आपण घेऊन जावं, उद्या कुणी वाकडं बोललं तर त्याच्या बाजूने निदान तेवढं तरी असावं, यासाठी माझा जीव वरखाली होत होता. माझी साठी उलटली आहे, गुडघे बोलायला लागले आहेत. म्हणून तो दाखला.

तर डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. जेवण हाताने करतो का, कपडे घालतो का, कामात मदत करतो का, काही सवयी आहेत का. मी तोंड उघडायच्या आत दीर पुढे सरकले.

"लई गुणाचं पोरगं हाय सायेब. कसलं येसन न्हाय, कुणाच्या अध्यात न्हाय की मध्यात न्हाय. समदं हातानं करतंय. गावाकडं आलं की केळीचे घड मोजून सांगतंय, एक बी चुकायचा न्हाय."

टेबलापलीकडे तीन माणसं, अलीकडे मुलगा, आणि प्रश्न खाण्यापिण्याचे, कामाचे, सवयींचे. दिरांनी भावकीतल्या निम्म्या पोरांची लग्नं जमवली आहेत. त्यांची जीभ आपोआप त्या वाटेला लागली. मी टेबलाखालून पाय लांबवून त्यांच्या पायावर दिला. त्यांना वाटलं, वहिनी म्हणतेय अजून काहीतरी सांगा.

"शेतीत बी हिस्सा हाय त्याचा," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. माणसं चांगली होती, दोष त्यांचा नव्हता. त्यातल्या एकाने सरळ विचारलं, "म्हणजे शेतात कुणी सोबत असलं तर काम करील?"

"करंल की! न करायला काय झालं?"

दाखल्यावर तेच आलं. देखरेखीखाली काम करू शकतो. ट्रेझरीतल्या कारकुनाने तो कागद वाचला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "बाई, यावर नाही होणार. हा तर कमावता निघाला."

मी घरी येऊन दिरांना फोनवर नको नको ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला सोयरीक जमवायला नेलं होतं का, पोरगी कुठली बघितली होती तेही सांगून टाका, असं बरंच काही. माझं सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, चुकलं माजं. पर चार लोकांत आपल्या लेकराला येत न्हाय, येत न्हाय म्हणायला जीभ वळंना वो."

मी फोन ठेवला. आता पुन्हा तपासणीसाठी अर्ज केला तर तिथे बसून ते सगळं 'येत नाही' मलाच म्हणायचं होतं.

दुसऱ्या वेळी मी कुणालाच सोबत घेतलं नाही. डॉक्टरांच्या मोठ्या बोर्डापुढे जाण्याआधी मानसोपचार विभागातल्या एका तरुण मॅडमकडे सविस्तर तपासणी होती. खोली लहान होती आणि बाहेर बाकड्यांवर ही गर्दी. एप्रिलचे दिवस, सोलापूरचं ऊन काय सांगावं, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. मुलगा पंख्याकडे बघत खुशीत बसला होता. मॅडमनी विचारलं आणि मी सांगत गेले. पैसे कळत नाहीत. एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही. पोटात दुखलं तर सांगता येत नाही, मनगट चावतो, मग आपण ओळखायचं. दारात कुणीही उभं राहून चल म्हटलं तर चपला घालून निघेल.

हे सांगताना मला काय होत होतं ते मॅडमना दिसलं असेल का, माहीत नाही. यातली एकेक गोष्ट त्याला यावी म्हणून मी वर्षं घातली होती. शेजारच्या मुली शाळेतून येऊन आईला दिवसभराचं सांगायच्या तेव्हा मी आमच्या खिडकीत उभी राहून ऐकायची. माझी मुलगी सांगायची, पण यानेही कधी असं सांगावं, निदान भांडावं, उलट बोलावं, दार आपटून निघून जावं, असं मला फार वाटायचं. अजून वाटतं. आणि इथे मी एकेक नाही नीट, स्पष्ट, ऐकू येईल अशा आवाजात म्हणत होते, कारण नाही म्हटलं तरच त्याचं पोट भरणार होतं.

मग मॅडमनी विचारलं, "त्याला कुणाची आठवण येते का?"

मी अडखळले. हो म्हणावं तर कागद पुन्हा बिघडतो की काय ही धास्ती, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना. माझा वेळ लागतोय हे बघून त्यांनी त्यालाच विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

पंख्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "येतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं.

आमचे हे दर रविवारी सकाळच्या गाडीने जेऊरला जायचे. शेत भावाच्या हाती, पण गडी बघून आल्याशिवाय त्यांना आठवडा गोड लागायचा नाही. निघताना दारात चपला घालत म्हणायचे, "येतो." आपल्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही. मुलाला त्यांनी उत्तरही शिकवलं होतं, "या." सकाळी येतो, या, आणि संध्याकाळी गेट वाजायचं. आपण म्हणतो एक आणि करतो भलतंच हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या लेखी येतो म्हणजे येतो, आणि त्याचे वडील वर्षानुवर्षं शब्दाला पक्के राहिले होते.

एका रविवारी शेतातच त्यांच्या छातीत कळ आली. करमाळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं. पुढचं गावाकडेच उरकलं. मुलाला अशा गर्दीत, रडारडीत नेलं असतं तर त्याचे काय हाल झाले असते, म्हणून त्याला शेजारी ठेवलं होतं. दहावं-तेरावं करून मी परत आले तेव्हा तो गेटाशी उभा होता. माझ्यामागे कुणी नाही हे त्याने वाकून बघितलं.

मी सांगितलं, बाबा गेले. तो म्हणाला, "येतो." एका बाईने मला शिकवलं, त्याला सोप्या भाषेत सांगा, बाबा देवाघरी गेले म्हणून. तसं सांगितलं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आमच्या लाकडी देवघराचं दार उघडलं आणि वाकून आत बघितलं. देव एका बाजूला सारून मागेही बघितलं. मग दार लावून पुन्हा गेटाशी जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून मी ते वाक्य घरात कुणाला बोलू देत नाही.

रविवारी संध्याकाळी तो अजून तिथे उभा असतो. मी त्याला आत ओढत नाही. खरं सांगायचं तर मी चहाचं आधण ठेवते तेव्हा माझाही कान गेटाकडेच असतो. पण मला लगेच कळतं, की तसं काही होणार नाही. त्याला ते कळत नाही. पुष्कळदा मला त्याचा हेवा वाटतो. माझ्या हातून माझा माणूस एकदाच सुटला. त्याचा अजून वाटेत आहे.

एवढं मी मॅडमना सांगितलं नाही. येतो म्हणून गेले आणि गावी वारले, इतकंच सांगितलं. त्या काहीतरी लिहीत होत्या, तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं. त्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं, आणि आम्ही निघायला हरकत नाही अशा अर्थी मान हलवून म्हणाल्या, "बरं, येते मी."

"या," मुलगा म्हणाला.

मी पिशवी उचलून उभी राहिले. तो उठला नाही.

शिपाई म्हणाला, "मॅडम आता यायच्या नाहीत. तिकडूनच घरी जातील. तुम्ही उद्या या." मी मुलाला समजावलं, घरी भाकरी आहे म्हटलं, शेंगाची चटणी आहे म्हटलं. हात धरून ओढलं. तो माझ्यापेक्षा डोकं भरून उंच आहे. त्याने मनगट तोंडाकडे नेलं तेव्हा मी ओढायचं सोडलं. शिपायाला खोलीला कुलूप घालायचं होतं, म्हणून एवढी एकच मेहेरबानी मुलाने केली, की बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसला. तोंड दाराकडे.

बसलो. समोरची गर्दी हळूहळू कमी झाली. फरशी पुसणारी बाई आली, त्याने पाय वर घेतले, ती गेल्यावर खाली ठेवले. एक म्हातारे गृहस्थ औषधाची पिशवी घेऊन जाताना थांबले, "कुनाची वाट बगतायसा?" म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरची. ते म्हणाले, "आता कुटली डॉक्टर, सुट्टी झाली की." मी त्यांच्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? पण मला तेव्हा सगळ्या जगाचा राग आला होता. जाताना येतो म्हणायची ही रीत कुणी घालून दिली? अशुभ नको म्हणून एक अक्षर बदलायचं, आणि पुढे कुणी दारात उभं राहून जन्म काढला तर त्याची जबाबदारी कुणाची?

मॅडम आल्या. त्यांचं हेल्मेट खोलीत राहिलं होतं. आम्हाला बघून दचकल्या. "अहो, अजून इथेच?"

तो उठला. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि जिन्याकडे चालायला लागला. त्याचं काम झालं होतं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही येते म्हणालात."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्या बाकड्याच्या टोकाला टेकल्या आणि म्हणाल्या, "मी तर सगळ्यांनाच म्हणते हो." नंतर किल्ली मागवून त्यांनी खोली उघडली. आम्हाला आत बोलावलं नाही. उघड्या दारातून मला त्या उभ्याउभ्याच लिहिताना दिसल्या.

रिक्षात मला बरं वाटायला हवं होतं. काम होणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. पण माझ्या शेजारी माझा मुलगा इतका समाधानाने बसला होता, की मला रडू आवरेना. आजवर निदान मनात कुठेतरी अशी आशा होती, की हळूहळू त्याची ती वाट पाहणं विरून जाईल. आता त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. येते म्हणालेलं माणूस उशिरा येतं, सगळे नाही म्हणत असले तरी येतं, आपण फक्त जागा सोडायची नाही. त्या रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर गेटाशी गेला. मी त्याच्यासाठी खुर्ची नेऊन ठेवली.

यथावकाश बोर्ड झाला आणि दाखला मिळाला. उपजीविका करण्यास कायमस्वरूपी असमर्थ. सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. मी तो देव्हाऱ्यापुढे ठेवला नाही, पेढेही आणले नाहीत. संध्याकाळी दिरांचा फोन आला.

"मिळाला का वो?"

"मिळाला."

"बरं झालं की," ते म्हणाले. मग स्वतःच, "वहिनी, बरं झालं म्हनावं का न्हाई, तेच कळंना बगा."

मी म्हटलं, म्हणा भावजी, बरंच झालं. आणि केळी पाठवा, या वेळी मी खाईन.

पालक म्हणून सही करायला मुलगी पुण्याहून आली. आम्ही तिघं ट्रेझरीत गेलो. त्याच कारकुनाने कागद एकेक करून पाहिले, टाचणी लावली आणि पहिल्यांदा हसून म्हणाला, "आता काळजी करू नका." मग सहज बोलावं तसं त्याने सांगितलं, की माझ्यानंतर पेन्शन मुलाच्या नावावर चढली की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्याचा लागेल. जिवंत असल्याचा. आता मी देते तसाच. बहीण पालक असली तरी माणूस समोर आणावा लागतो. "साहेब एखादवेळेस विचारतात, कोण, कुठे. तेवढं सांगेल ना?"

"सांगेल की," मुलगी म्हणाली. "शिकवू त्याला."

माझ्या लेकीचा उत्साह बापावर गेला आहे. घरी येऊन चहा झाला तसं तिने त्याला पायरीवर बसवलं. मला म्हणाली, आई, तूच सांग, तुझं तो पटकन म्हणतो. सगळ्यात सोपं वाक्य काढलं. उद्या कुणी नाव पुकारलं तर तेवढं म्हटलं तरी चालेल असं.

मी त्याच्यासमोर बसले. "म्हण, मी आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो असा क्वचित बघतो.

"मी आहे," मी पुन्हा म्हटलं.

"आई आहे," तो म्हणाला.

मुलगी हसली. "अरे नाही, मी म्हणजे तू!" मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि ती अजूनच हसली. "आई, पुन्हा सांग. सावकाश."

"मी आहे."

"आई आहे."

मला उशिरा समजलं. दिवाळीत फटाके वाजले की तो कान दाबून पलंगाखाली शिरायचा. सुई टोचताना, केस कापताना, वीज गेल्यावर, बाबांच्या मागे त्या पहिल्या महिन्यांत रात्री दचकून उठायचा तेव्हा, दर वेळी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणत आले होते, भिऊ नको, मी आहे. लहानपणापासून हे वाक्य त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ त्याने अगदी बरोबर लावला होता.

मुलीचं हसू थांबलं. तिलाही कळलं असावं. तिने माझा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई, त्याला शिकायलाच हवं गं. सांग ना, मी म्हणजे आई नव्हे म्हणून."

तिचं बरोबर होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. मला सांगवलं नाही.